लाळेऱ्यावरचा डाग

१

चोर आमच्या घरातलाच होता आणि तो ठमीच्या पोटात शिरत होता. कुठल्या वाटेने, ते कुणालाच कळत नव्हतं.

ठमी म्हणजे माझ्या भाच्याची लेक, दीड वर्षाची. नाव पडलं ते गालांवरून. आता गाल ओसरले होते आणि नाव तेवढं उरलं होतं. जुलाब लागायचे, दवाखान्यात सलाईन लागायची, पोर सावरायची, घरी यायची, की थोड्याच दिवसांत पुन्हा पहिले पाढे. या खेपेला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं.

“औषध माझ्याकडे आहे, कारण तुमच्या घरात आहे,” त्या म्हणाल्या. “हा रोग तोंडावाटेच शिरतो. स्पष्ट सांगायचं तर कुणाची तरी शी हिच्या तोंडात जाते आहे. पुढच्या वेळी ही माझ्यापर्यंत वेळेत पोचेलच, असं समजू नका.”

आम्ही सगळे त्यांच्या टेबलावरच्या पेनांकडे बघत बसलो. आमच्या घरात त्या गोष्टीला शब्दच नाही. ‘पोटाचं’ म्हणतात, अगदीच वेळ आली तर ‘तिकडचं’. त्यातून घर लाँड्रीवाल्यांचं. लाँड्री उभी केली माझ्या थोरल्या भावाने, दादाने, आणि दादाचे कपडे हीच तिची जाहिरात. पांढरी विजार, पांढरा सदरा, बारा महिने. दुकानाच्या भिंतीवर त्याच्या हातची पाटी आहे: ‘आधी थंड पाणी, मग बाकीचं सगळं.’ लोक कपडा आणायच्या आधी नुसता डाग दाखवायला यायचे, आणि दादा लांबूनच सांगायचा, हे तेल, हे गंज, ही दुसऱ्या बाईची लिपस्टिक, हे घरी धुवा.

अशा घरात शी. तीही तोंडात.

घरी आल्यावर भाचीने, म्हणजे दादाच्या लेकीने, पिशवीतून एक लाळेरं काढून टेबलावर पसरलं. तिला सगळे ताई म्हणतात. लग्न होऊन चांगल्या घरी पडली आहे, आणि चांगल्या घरी पडलेल्या मुलीला माहेर जरा मळकंच दिसतं.

“हे बघा,” ती म्हणाली. लाळेऱ्यावर बोटाएवढा निळा डाग होता. “मी म्हणत नव्हते? दिवसभर पार्सलांवर शिक्के मारायचे आणि त्याच हातांनी पोरीला भरवायचं.”

ठमीची आई, आमची सूनबाई, दारात तिला घेऊन उभी होती. पार्सल कचेरीत नोकरी करते, शिक्के मारते, हे खरं. “मी हात धुते, ताई,” ती म्हणाली.

“धुतेस ना? मग हे काय आहे?”

“ह्यांनाच विचारा की,” वहिनी म्हणाली. “डागातलं ह्यांच्याइतकं कुणाला कळतंय?”

सगळ्यांनी दादाकडे बघितलं. तो कोपऱ्यातल्या लाकडी स्टुलावर बसला होता. ठमीने त्याला बघून दोन्ही हात पुढे केले होते, पण त्याने तिला घेतलं नव्हतं. “कपडे चुरगळतील,” म्हणाला होता. त्याने लाळेरं हातात घेतलं नाही, बसल्या जागेवरून बघितलं.

“शाई,” तो म्हणाला. “शिक्क्याची.”

निकाल लागला. ठमी रविवारी ताईच्या घरी जाणार. किती दिवस? “चांगली मोठी होईपर्यंत,” ताई म्हणाली. भाचा, पोरीचा बाप, खिडकीबाहेर बघत राहिला. सूनबाईचे हात मला तेव्हा दिसले. साबणाने पांढरे पडलेले, पेरांवर भेगा, एका भेगेतून रक्त आलेलं.

“रविवारपर्यंत थांबा,” मी म्हणाले.

“तू काय करणार आहेस, आत्या?”

“रोज कचेरीत करते तेच. शोधते.”

२

मी बस डेपोत ‘हरवले-सापडले’च्या खिडकीवर बसते. माझ्यामागे फळीवर छत्र्या असतात, डबे असतात, एकाच पायातले बूट असतात, आणि कवळ्या. कवळी विसरून माणूस बसमधून उतरतो कसा, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

या नोकरीने मला एवढंच शिकवलं: खिडकीशी आलेला माणूस आधी खोटं बोलतो. कवळी हरवलेला म्हणतो, चष्मा हरवला. लाज वाटते. म्हणून ‘काय हरवलं?’ या प्रश्नाला मी फारशी किंमत देत नाही. ‘शेवटचं कुठे पाहिलं?’ हाही कुचकामी. ते माहीत असतं तर हरवलंच नसतं. मी विचारते, ‘त्याच्याबरोबर आणखी काय होतं?’ मग माणूस पिशवीतलं एकेक सांगू लागतो, आणि बोलता बोलता खरं बाहेर येतं.

रजा टाकून मी दादाकडेच मुक्काम टाकला. सुरुवात वहिनीपासून केली.

“पाणी उकळता ना, वहिनी?”

“म्हणजे काय? रोज.”

“उकळी फुटेपर्यंत?”

वहिनी ओट्यावरचं न सांडलेलं काहीतरी पुसू लागली. “चांगलं गरम झालं की उतरवते. गॅस काय झाडाला लागतो? पण बाई, ताईला सांगू नकोस.”

एक लाज बाहेर पडली. मी ती मनातल्या फळीवर ठेवली. न्हाणीघरही बघून घेतलं. पाणी सकाळी थोडाच वेळ येतं, म्हणून सगळ्या बादल्या, घंगाळं, पिंप काठोकाठ भरलेलं. वहिनीचा त्यावर असा पहारा की एक बादली रिकामी झाली तरी तिला कळतं. फक्त ठमीचा अंघोळीचा निळा टब रिकामा होता. भिंतीशी उभा.

भाचा दुकानात हिशेब करत होता.

“तू कधी ठमीचा लंगोट बदललास?”

“एकदा.”

“मग हात धुतलेस?”

“आत्या, गिऱ्हाईक बसलंय.” मग हळूच म्हणाला, “पँटला पुसले.”

ताईला फोन लावला. तिने आधी मला सूनबाईचे सगळे गुन्हे वाचून दाखवले, आणि शेवटी, आवाज खाली आणून, सांगितलं की मागच्या भेटीत ठमीची चोखणी जमिनीवर पडली तेव्हा तिने स्वतःच्या तोंडात घालून ‘स्वच्छ’ केली आणि परत दिली. “पण माझं तोंड साफ असतं, आत्या.”

“हो ना. म्हणूनच तर एवढं बोलता येतं तुला.”

दुपारपर्यंत माझ्याकडे घरभरच्या लाजा जमल्या. ज्याच्या त्याच्या पदरात काहीतरी होतंच. पण यातलं काही बसत नव्हतं. कारण सूनबाईने मला एक गोष्ट सांगितली होती, जिचा बाकीच्यांनी सोयीचा तेवढाच अर्थ घेतला होता. मधल्या आजारपणात ठमी या घरात नव्हतीच.

३

“मी तिला माहेरी घेऊन गेले होते,” सूनबाई म्हणाली. ती ठमीला चमच्याने जलसंजीवनी पाजत होती. चमचा, थांबायचं, चमचा. “रजा काढून. म्हटलं, इथलं पाणी सोसत नसेल. आईकडे गेल्यावर छान राहिली. जेवली, झोपली, आईच्या मांजराशी भांडली. मग पुन्हा सुरू झालं. म्हणून तर सगळे म्हणतात, दोन्हीकडे एकच माणूस होतं. मी.”

“तिकडे पाणी कोण उकळायचं?”

“आई. खळाखळा.”

म्हणजे वहिनीचा गॅस सुटला. भाचा तिकडे राहिला नव्हता, ताई फिरकली नव्हती. घरातलं पाणी, भांडी, माश्या, सगळं इथेच राहिलं होतं.

“तू भरवायचीस?”

“मीच. पहिल्यापासून.”

“आणि दवाखान्यात?”

“तिथेही मीच. दुसऱ्या कुणाकडे जायचीच नाही.”

मी तिचे हात बघितले. हेच हात दवाखान्यात होते आणि पोर बरी होत होती. औषधामुळे, म्हणू. पण माहेरी औषध नव्हतं, हात हेच होते, आणि तरी सुरुवातीला पोर ठणठणीत होती. हात जर चोर असते तर ते इतके दिवस सुट्टीवर कसे गेले?

“बाई, आता नीट आठव. माहेरी गेलीस तेव्हा ठमीबरोबर काय काय होतं?”

“कपडे. दुपटी. वाटी-चमचा. एवढंच. घाईत निघालो.”

“नंतर काही आलं?”

तिने चमचा खाली ठेवला. “रविवारी हे आले भेटायला. हिचा मासा घेऊन. रबरी मासा आहे अंघोळीतला, त्याच्याशिवाय ही टबात बसत नाही. तिकडे अंघोळीला फार रडत होती, म्हणून मीच आणायला सांगितला होता.”

“मासा आला, आणि मग…?”

“मग पुन्हा सुरू झालं,” ती म्हणाली. “दवाखान्यात खेळणी नेऊ देत नाहीत.”

“आणि ते डागाचं लाळेरं कुठलं?”

“तेही तिकडचंच. मासा आला त्या दिवशी घातलं होतं, मग धुवायचं राहूनच गेलं.”

मी ताडकन उभी राहिले. तेव्हा ती रजेवर होती. कितीतरी दिवस शिक्क्याला हात लागला नव्हता. तिच्या बोटांवर शाई असायचं कारणच नव्हतं.

मग दादासारख्या माणसाने त्या डागाला शाई का म्हणावं?

४

मासा टबातच होता. पिवळा, एक डोळा झिजलेला, तोंडाला भोक. पोट दाबलं की पाणी सोडतो, सोडलं की ओढून घेतो. ठमी काय करायची, ते सूनबाईने सांगितलं होतं. आधी आईच्या तोंडावर चिळकांडी, आणि मग स्वतःच्या तोंडात. बाटलीसारखा चोखायची. आम्ही पाणी उकळत होतो, फळं धूत होतो, वाट्यांना कढत पाणी दाखवत होतो, आणि अंघोळीच्या माशाकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. अंघोळ कुणी पितं का?

मी टब आडवा केला. तळाशी पाणी होतं. थोडंसंच, कडेला साचलेलं. पण दवाखान्यातून आल्यापासून ठमीला अंघोळ नव्हती, नुसतं अंग पुसत होतो. त्याआधी ती घरातच नव्हती. मग हा टब ओला कसा?

पांढरी बशी घेतली आणि त्यावर मासा पिळला. आधी नुसती हवा आली. मग गढूळ पाणी. वास असा की मी तोंड फिरवलं. बशीत पाणी स्थिरावलं, तेव्हा त्याला रंग दिसला.

फिकट निळा.

मासा मी तिथल्या तिथे पिशवीत बांधला आणि हात साबणाने दोनदा धुतले. मग लाळेऱ्याच्या डागाची एक कड तांब्याच्या धारेखाली धरली. निळा रंग विरघळून गेला, जणू वाटच बघत होता. शिक्क्याची शाई इतक्या समजूतदारपणे जात नाही. ही नीळ होती. पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात घालतात ती.

दुकानात इस्त्रीला एक गडी आहे. बोलताना तोंडाने इस्त्रीसारखा फुस्स करतो, म्हणून त्याला वाफ्या म्हणतात. मी मागच्या दाराने गेले.

“वाफ्या, दुकानात नीळ कोण वापरतं?”

“नीळ?” फुस्स. “आत्याबाई, ती मशीन आली तेव्हाच गेली. आता पावडरमध्येच सगळं असतंय.”

“एकही बाटली नाही?”

“एक होती. दादांची. स्वतःच्या कपड्यांना त्यांना नीळच लागते. पण ती आता घरी नेली त्यांनी. कपडेही दुकानात टाकत नाहीत हल्ली. इस्त्रीपण स्वतः करतात, दार लावून.” त्याने कॉलर उलटवली. “मी विचारलं, माझं काही चुकलं का? तर बोललेच नाहीत. आधी माझ्याशी चेष्टा केल्याशिवाय त्यांना चहा जात नव्हता. आता चहाच घेत नाहीत.”

चहा नाही. मऊ खुर्ची नाही, लाकडी स्टूल. मांडीवर नात नाही. एकेक वस्तू मी फळीवर ठेवत होते, आणि पिशवी कुणाची ते मला दिसू लागलं होतं. ती माझ्याच घरची होती.

आई गेली तेव्हा मी ठमीएवढीच होते. दादाला नुकतं मिसरूड फुटलं होतं. माझं सगळं त्यानेच केलं. ‘तिकडचं’सुद्धा.

५

दुपारी वहिनी दुकानात बसते आणि दादा आडवा पडायला घरी येतो. सूनबाई कामावर असते. ठमी झोपते, दादा तिच्यावर लक्ष ठेवतो. असं सगळे म्हणत होते, आणि ते खरंही होतं.

मी चप्पल जिन्यातच काढली. ठमी पलंगावर उशांच्या कुंपणात झोपली होती. न्हाणीघराचं दार लागलेलं. आत पाण्याचा आवाज, अगदी हळू, एखाद्याने कानात सांगावं तसा. मी दादाचं स्टूल दारासमोर ओढलं आणि बसले.

दार उघडलं. दादाच्या छातीशी निळा टब, त्यात पिळलेला पांढरा बोळा. मला बघून तो जागच्या जागी थांबला.

“तू दुकानात गेली होतीस ना?”

“आले परत.”

“ठमीची दुपटी होती,” तो म्हणाला. “म्हटलं, धुऊन टाकू.”

“दादा, ठमीची दुपटी गच्चीवर वाळताहेत. मीच घातली आहेत.”

मी उठून त्याला स्टूल दिलं. तो बसला, टब मांडीवर घेऊन. मी लाळेरं त्याच्यासमोर धरलं आणि सांगत गेले. माहेर, रजा, मासा, बशीतलं पाणी. सांगताना त्याच्या तोंडाकडे बघायचं मी टाळलं. त्यालाही ते बरं वाटलं असावं.

“कधीपासून, दादा?”

“एका लग्नात जेवून आलो ना, तेव्हा पोट बिघडलं. ते बसलंच नाही.” टब मांडीवर सरकवत म्हणाला, “मग एकदा दुकानात, काउंटरवर. गिऱ्हाईक समोर होतं. पिशवी आणतो म्हणून मागे गेलो, तो आलोच नाही.”

“कपडे मशीनमध्ये टाकायचे.”

“पोरं ओळखतात. मीच शिकवलंय त्यांना, डागावरून माणूस ओळखायला.”

“निदान बादलीत?”

“बादली रिकामी केली की तुझ्या वहिनीला कळतं. रिकामा होता तो हाच.” त्याने टबाच्या कडेवरून बोट फिरवलं. “स्वच्छ करत होतो, छोटे. एक ठिपका ठेवत नव्हतो. आधी थंड पाणी, मग नीळ, मग पुन्हा पाणी.”

“साबण?”

“वास येतो. फिनेल तर घरभर. कुणीतरी विचारलं असतं, दुपारी कशाला?”

“आणि हात?”

तो हातांकडे बघत राहिला. “पाण्याने.”

दुकानाच्या भिंतीवरची पाटी माझ्या डोळ्यांपुढे आली. ज्या नियमावर तो उभा होता, तोच नियम त्याने टबाला लावला होता: डाग गेला, काम झालं. मासा पाण्यात तरंगत असणार, बोळ्याखाली दाबला जात असणार. त्या एका झिजलेल्या डोळ्याचा पाहुणा सगळं पोटात साठवत होता.

पण मला विचारायचं होतं ते वेगळंच.

“दादा, तू लाळेऱ्यावरची नीळ ओळखली नाहीस?”

पलंगावर ठमी कूस बदलून पुन्हा शांत झाली.

“ओळखली,” तो म्हणाला.

“आणि शाई म्हणालास.”

“नीळ म्हटलं असतं तर विचारलं असतं, नीळ कुणाकडे आहे. मग बाटली, मग विजारी.” त्याने टब खाली ठेवला. “टबाचं डोक्यात नव्हतं, ठमीची शपथ. नीळ तिच्या अंगावर कुठून आली, ते नव्हतं कळलं.”

“नंतर तरी?”

“नंतर शोधलं नाही. शोधलं असतं तर सापडलं असतं.”

रविवार परवावर आला होता. “तू सांग सगळ्यांना,” तो म्हणाला. “तुला बोलता येतं. मी गच्चीवर जाऊन बसतो.”

“आमच्या खिडकीचा एक नियम आहे, दादा. वस्तू दुसऱ्याच्या हाती देत नाही. मालकाने स्वतः यायचं, खुणा सांगायच्या, आणि घेऊन जायचं.”

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

त्या दिवशीची विजार मी धुतली. साबणाने, कढत पाण्यात, वेगळ्या बादलीत, उघड्या दाराने. तो स्टुलावर बसून दुसरीकडे बघत होता.

६

रविवारी ताई गाडी घेऊनच आली. ठमीची बॅग दाराशी भरून ठेवलेली. सूनबाई बॅगेतून झबली काढून परत घड्या घालत होती, त्याच घड्या. भाचा म्हणाला, “थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे,” आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचं गिळलं.

“बाबा कुठेत?” ताईने विचारलं.

न्हाणीघराचं दार बंद होतं. आम्ही वाट बघितली. गाडीवाल्याने खालून हॉर्न दिला. “निघते मी, गर्दी होईल,” ताई म्हणाली आणि ठमीला घ्यायला हात पुढे केले. सूनबाईने पोर घट्ट धरली, मग हळूहळू पकड सैल करत ताईच्या हातांत दिली. मला वाटलं, आता मलाच बोलावं लागणार. तोंड उघडलंसुद्धा.

दार वाजलं. दादा बाहेर आला. अंगावर भाच्याची तपकिरी पँट होती. त्याला रंगीत कपड्यात मी लहानपणापासून पहिल्यांदा बघत होते, आणि वहिनी तर कुणी परका माणूस घरात शिरल्यासारखी बघत होती.

“एका वाटीत पाणी आण,” तो मला म्हणाला. “थंड.”

मी आणलं. त्याने टेबलावरचं लाळेरं उचललं आणि डाग पाण्यात धरला. चोळलं नाही, नुसतं धरलं. निळा रंग सुटला, वाटीभर पसरला. लाळेरं वर काढलं तेव्हा ते कोरं होतं.

“ही नीळ आहे,” दादा म्हणाला. “शाई अशी सुटत नाही. मला त्या दिवशीही माहीत होतं.” त्याने वाटी खाली ठेवली. पाणी थोडं सांडलं. “मला जुलाब होतात. आवरत नाहीत. घाण झालेल्या विजारी मी ठमीच्या टबात धूत होतो. चोरून. ते पाणी तिच्या माशात गेलं.”

ती गोष्ट त्या घरात कुणीतरी पहिल्यांदा सरळ बोलून दाखवली होती.

“अहो, मी शेजारी झोपते तुमच्या,” वहिनी म्हणाली. “मला तरी…” मग तिला स्वतःचा कोमट पाण्याचा गॅस आठवला असावा, कारण तिने पदर तोंडाला लावला. भाच्याने जमिनीवर नजर रोवली. ताईने मोकळ्या हाताने बॅग उचलली, कुठे ठेवायची ते न सुचून परत तिथेच ठेवली.

दादा सूनबाईसमोर उभा होता. ती त्याच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“जेवताना तुम्ही माझ्या हातांकडे बघायचा, बाबा,” ती म्हणाली. “रोज. मला वाटायचं, खरंच माझ्या हातांतच काहीतरी आहे.”

“हो,” दादा म्हणाला.

“मी रात्री उठून हात धुवायचे.”

“हो.”

तिने ताईच्या हातांतून ठमीला घेतलं, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. ताई कितीतरी वेळ त्या दारापाशी उभी होती, वाजवायला उचललेला हात तसाच धरून.

डॉक्टरीणबाईंनी दादाला तपासलं, औषध दिलं. हे बरं होतं, म्हणाल्या, फक्त येऊन सांगावं लागतं. त्याच्यासाठी झाकणाची बादली आली, साबण आला, आणि वाफ्याला खरं कारण कळल्यावर त्याने एवढंच विचारलं, “मग चहा सांगू का?” मासा आणि टब फेकून दिले. ठमी माशासाठी दोन दिवस रडली आणि मग नव्या टबाशी तिने जुळवून घेतलं. वहिनीच्या पातेल्यात आता उकळी फुटते. सूनबाई कामापुरतं बोलायची. दादा तिच्यासमोरून जाताना भिंतीला लागून जायचा.

गाल परत येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. मी डेपोतून संध्याकाळी तिकडेच गेले होते. दादा स्टुलावर बसला होता. ठमी केळं खात खात त्याच्यापाशी आली आणि तिने दोन्ही हात पुढे केले. दादा हलला नाही. त्याने सूनबाईकडे बघितलं.

सूनबाई आत गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली तेव्हा एका हातात तांब्या होता, दुसऱ्या हातात साबण.

“आधी हात, बाबा,” ती म्हणाली.

दादाने मोरीशी जाऊन हात पुढे केले. ती पाणी घालत होती, तो चोळत होता. लहान मुलाचे बघावेत तशी ती वाकून त्याची नखं बघत होती, बोटांच्या बेचक्या बघत होती.

“अजून,” ती म्हणाली.

त्याने पुन्हा चोळले. मान वर केली नाही. भेगा भरून आलेले तिचे हात तांब्या धरून होते, आणि त्याची नजर त्या हातांवर होती.

मग तिने ठमीला उचललं आणि स्वतः त्याच्या मांडीवर ठेवलं. ठमीने लगेच केळ्याची मूठ त्याच्या तपकिरी पँटला पुसली. दादाने डाग बघितला, ओळखला, आणि तसाच बसून राहिला.